ओलं, सुकं

रामबागेतल्या आमच्या घरात सगळ्यात शांत जागा
गाद्यांचं कपाट.
मी आत बसते, दार ओढून घेते,
मोबाइलच्या उजेडात वाचते:
'जहाज बंदराला लागले आहे.'
इंदूरला बंदर नाही. तरी जहाज लागतं,
वाक्याला तीन रुपये.

ओजस सांगत होता, माझा भाचा,
आत्या, पुढे हे इंटरनेट दिसणारच नाही.
पानं नाहीत, टायपिंग नाही,
हवेत विचारायचं, हवेतून उत्तर येणार,
घरातल्या माणसासारखं.
मी म्हटलं, घरातलं माणूस आधी विचारतं,
तुला कशाला पाहिजे?
तो हसला. म्हणाला, तेही शिकवून राहिलेत.

मग मोकळं बोलायचं काम आलं.
चित्र पाहा, मनाने सांगा.
चित्रात बाई, परातीत भाजी.
मी सांगितलं, 'बाई पालक निवडून राहिली आहे,
पण तिचं लक्ष नाही.'
संध्याकाळी लाल खूण.
नामंजूर. कारण: अशुद्ध.
दुसरं, 'मला नाही माहीत पडलं.' अशुद्ध.
तिसऱ्यात माझी चूक नव्हती,
कचरागाडी गाणं वाजवत आली होती
दारातून, रजयांतून, थेट माझ्या क्रियापदात.
कारण: पार्श्वभूमीत गोंगाट.

या शहराला निवडणं शिकवावं लागत नाही.
ओलं हिरव्या डब्यात, सुकं निळ्या,
काच वेगळी, घड्याळाचे सेल वेगळे.
लखन गाडीवरून वाकून बघतो,
चहाच्या गाळात प्लास्टिकचा एक तुकडा दिसला
की म्हणतो, भाभी, ये क्या.
मीही तशीच बसले एका दुपारी
माझी भाषा पुढ्यात घेऊन.
हे आजेसासऱ्यांनी साताऱ्याहून आणलेलं,
हे सराफ्यात रात्री बाराला उचललेलं,
हे माळव्याचं, शेजारच्या पोरवालांकडून
कढीच्या वाटीसोबत आलेलं;
वाटी परत गेली, हे राहिलं.
निवडता निवडेना.
सगळंच ओलं.

आमच्या सालींचा गॅस होतो, त्यावर बस धावते.
हे मला खरंच आवडतं,
की माझ्या भोपळ्याच्या सालीवर
कुणी विजयनगरला वेळेवर पोचतं.
मग नामंजूर वाक्यांचं काय करतात?
ओजसला विचारलं.
त्याला नाही माहीत पडलं.

फेब्रुवारीत नवा निरोप:
प्रादेशिक नमुने हवेत. इंदुरी.
वाक्याला अकरा रुपये. नैसर्गिक बोला.
मी कपाटात शिरले, घसा खाकरला,
आणि तोंडातून बातम्यांसारखं निघालं,
'महिला पालक निवडत आहे.'
तीनदा. चारदा.
अकरा रुपये समोर, आणि 'राहिली' येईचना.
पंचावन्न वर्षं बोलतेय,
कुणी बोल म्हटलं तेव्हाच गेली.

गाडीचं गाणं ऐकू आलं तशी उठले.
फोन गादीवर, चालूच.
लखन पुढच्या घरापर्यंत गेलेला,
मी डबा घेऊन धावले, अरे थांब ना भिया,
येऊनच राहिले मी, जीव घेतो का,
झाकण सुटलं, पायऱ्यांवरून गडगडत गेलं,
तो हसला,
मी त्याला एक शिवी दिली,
घरातल्याला देतात तशी.

रात्री हिरवी खूण. मंजूर.
शिवी धरून अकरा रुपये.

तेव्हापासून झोपताना डोक्यात येतं:
मी नसेन, आणि कुठल्या तरी गावात, उंच घरात
कुणी हवेला विचारेल
औषधाची वेळ, पगाराचा हिशोब, काहीही,
आणि उत्तर देण्याआधी
हवेला धाप लागेल,
कुठंतरी झाकण पडेल,
आणि ती म्हणेल, थांब ना, येऊनच राहिले.

विचारणारा चमकून
दाराकडे बघेल.